जनुक आलं, पण शेजार घेऊन

श्रोतेहो, नमस्कार. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घालणाऱ्यांना ‘सूत्रकृमी प्रतिकारक’, म्हणजे मुळांवरच्या सूक्ष्म कृमींना दाद न देणारे, वाण ठाऊक असतील. ती ताकद ‘एमआय’ जनुकाची. १९४० च्या दशकात ते पेरूतल्या, म्हणजे फळ नव्हे, देश, एका रानटी टोमॅटोतून घेतलं. पण ते एकटं आलं नाही, शेजारपाजार, म्हणजे गुणसूत्रावरची आसपासची रानटी जनुकंही, घेऊन आलं.

परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांची जोडी जवळ येते आणि तुकड्यांची अदलाबदल करते. हेच क्रॉसिंग ओव्हर. एका जोडीत ते बहुधा एक ते तीन ठिकाणीच घडतं. त्यात रानटी आणि लागवडीच्या गुणसूत्रांची रचना जुळली नाही, तर त्या पट्ट्यात ते जवळजवळ थांबतं. एमआयच्या आसपास नेमकं हेच होतं.

म्हणून ‘सहा बॅकक्रॉस, म्हणजे लागवडीच्या वाणाशी सहा वेळा पुन्हा संकर, झाले, रानटी अंश एक टक्क्याखाली आला’ हा हिशेब फसवा आहे. ती सरासरी इतर गुणसूत्रांची. दर पिढीत जनुक पाहून रोप निवडताना त्याला चिकटलेला तुकडाही आपणच निवडतो. विषाणू प्रतिकारक ‘टीएम-२’च्या एका वाणात ११ बॅकक्रॉसनंतरही गुणसूत्राचा एक अख्खा बाहू रानटीच निघाला.

मग रोपं किती घ्यायची? नको असलेलं जनुक एक सेंटिमॉर्गनवर (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं हे एकक) असेल, तर हवं ते जनुक आलेल्या शंभर रोपांत एकच सुटं मिळतं. ९५ टक्के खात्रीसाठी अशी सुमारे ३०० रोपं हवीत; ३० असली तर शक्यता फक्त २६ टक्के. जनुकाच्या दोन्ही बाजूंचा रानटी तुकडा एकाच पिढीत तोडायला जाऊ नका, ते दहा हजारांत एक. या पिढीत एक बाजू, पुढच्या पिढीत दुसरी. मार्कर, म्हणजे डीएनएवरची खूण, तपासायला रोपवाटिकेतच पानाचा तुकडा घ्या, म्हणजे नको ती रोपं शेतात जातच नाहीत.

गव्हात अडचण वेगळी. तो स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागानं फळणारा, त्यामुळे एफ-२ मध्ये, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीत, निम्मी असलेली विषमता (जोडीतली दोन जनुकं वेगवेगळी असणं) एफ-६ ला, सहाव्या पिढीत, तीन टक्क्यांवर येते. पुढे अदलाबदल होते, पण सारख्याची सारख्याशी. एफ-२ मध्येच मूठभर रोपं ठेवली, तर नवे मेळ तिथेच संपतात.

तांबेरा रोगाला प्रतिकार म्हणून राय धान्यातून गव्हात आणलेला गुणसूत्राचा बाहू तर गव्हाच्या गुणसूत्रांशी जुळतच नाही. गव्हातलं ‘पीएच-१’ जनुक ते होऊ देत नाही. म्हणून तो बाहू अख्खा राहतो आणि कणीक चिकट करतो. तो तोडायला पीएच-१ नसलेला गहू वापरतात. मात्र काम झालं की ते जनुक परत आणावंच लागतं, नाहीतर गुणसूत्रं भलत्याशी जुळतात आणि ओंबीत दाणे कमी भरतात.