ऐश म्हणजे भाकरी

नमस्कार श्रोतेहो.

'ऐश' हा शब्द आपण येता-जाता वापरतो. चार दिवस सुट्टी मिळाली, मस्त ऐश केली. हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि येता येता चैनीचा झाला. अरबीत त्याचा मूळ अर्थ जगणं. इजिप्तमध्ये मात्र ऐश म्हणजे भाकरी. बाकीचे अरब भाकरीला खुब्ज म्हणतात. इजिप्तच्या माणसानं जगण्याचाच शब्द भाकरीला देऊन टाकला. अरब देशांत काही पेटलं की आपल्याकडे 'ते लोक तसेच' असं म्हणून विषय मिटवतात. मला ते पटत नाही. म्हणून आज इजिप्तबद्दल बोलताना मी या भाकरीपासून सुरुवात करतो.

तिचं पूर्ण नाव ऐश बलदी. कोंड्यासकट दळलेल्या गव्हाची, गोल, भट्टीत टम्म फुगणारी. कैरोत सकाळी एक दृश्य दिसतं. लाकडी पट्ट्यांच्या लांबरुंद जाळीवर भाकऱ्यांची चळत रचलेली, ती जाळी सायकलवाल्या पोराच्या डोक्यावर. एका हातानं जाळी सावरायची, दुसऱ्या हातात हँडल, आणि मोटारींच्या गर्दीतून वाट काढत दुकान गाठायचं.

या भाकरीवर सरकार पैसे ओततं. राष्ट्राध्यक्ष नासेर यांच्या काळापासून तिथं एक अलिखित करार चालत आला: सरकार पोटाला कमी पडू देणार नाही, लोकांनी सत्तेबद्दल तोंड उघडायचं नाही. जानेवारी 1977 मध्ये नासेर यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सादात यांच्या सरकारनं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दबावाखाली अनुदानं कापली, आणि 18 व 19 जानेवारीला अलेक्झांड्रियापासून अस्वानपर्यंत देश रस्त्यावर आला. लष्कर उतरवावं लागलं, ऐंशीच्या आसपास माणसं मेली. सादात यांनी त्याला 'चोरांचा उठाव' म्हटलं, पण भाववाढ मुकाट्यानं मागे घेतली. भुकेला चोर म्हणणारा राज्यकर्ता मला कधीच समजलेला नाही.

तेव्हापासून सगळ्या राज्यकर्त्यांनी एक धडा घेतला, की भाकरीच्या किमतीला हात लावताना दहादा विचार करायचा. 2008 मध्ये जगभर गहू महागला, तेव्हा भाकरीच्या रांगांत मारामाऱ्या होऊन माणसं दगावली. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांनी लष्कराच्या भट्ट्यांना भाकरी भाजायला लावलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महल्ला अल-कुब्रा या कापडगिरण्यांच्या गावात कामगार आणि त्यांच्या घरचे रस्त्यावर उतरले. चौकातलं मुबारक यांचं भलंमोठं चित्र लोकांनी खाली ओढलं आणि पायदळी तुडवलं. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला महल्ला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. कैरोच्या तहरीर चौकातल्या उठावाची सुरुवात लोक फेसबुकपासून सांगतात. मी महल्लापासून सांगेन.

25 जानेवारी 2011. तहरीर चौकात घोषणा होती: 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया.' भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. त्यातला 'अदाला' ऐका, आपली अदालत त्याच घरातली. दगडफेक सुरू झाली तेव्हा काहींनी शिरस्त्राण म्हणून डोक्याला चक्क भाकऱ्या बांधल्या होत्या. अठरा दिवसांत, 11 फेब्रुवारीला, जवळजवळ तीस वर्षांची मुबारक राजवट गेली.

आपल्याकडे म्हणतात, भाकरी फिरवली नाही तर करपते. इजिप्तनं भाकरी फिरवली, पण चुलीपुढून लष्कर उठलंच नाही. 2012 मध्ये मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेचे मुर्सी जेमतेम 52 टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. त्यांनी सगळे अधिकार आपल्या हाती घेण्याचा घाट घातला, लोक चिडले, आणि 3 जुलै 2013 ला संरक्षणमंत्री जनरल सिसी यांनी त्यांना हटवलं. 14 ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात धरणं धरून बसलेल्या मुर्सी समर्थकांवर गोळीबार झाला. एका दिवसात शेकडो माणसं मारली गेली. ती कुठल्या पक्षाची होती यावर त्यांच्या मरणाचं मोल ठरवू नये, एवढंच मला म्हणायचं आहे. मुर्सी 2019 मध्ये न्यायालयातच सुनावणीदरम्यान कोसळून वारले.

पुढे सिसीच राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्यांच्या काळात भाकरी आतून पोखरली गेली. 2020 मध्ये तिचं वजन 110 ग्रॅमवरून 90 वर आणलं. मग 2022 चं युक्रेन युद्ध. इजिप्तचा आयात गहू बहुतेक रशिया आणि युक्रेनचाच. त्या वर्षी मे महिन्यात भारतानं गव्हाची निर्यात बंद केली, तरी कांडला बंदरात इजिप्तसाठी भरलं जात असलेलं एक जहाज जाऊ दिलं, इतकी ती निकड होती. पाठोपाठ इजिप्तचा पाउंड कोसळला. आणि 1 जून 2024 पासून, तीस वर्षांहून अधिक काळ पाच पियास्त्रला मिळणारी भाकरी वीस पियास्त्रला झाली; शंभर पियास्त्रांचा एक पाउंड. सरकारनं सांगितलं, आम्हाला ती सव्वा पाउंडाला पडते. हिशेब खराही असेल. पण रेशन कार्डावर माणशी रोज पाच भाकऱ्या घेणारे तिथं सुमारे सात कोटी लोक आहेत. करारातली आपली बाजू, गप्प राहण्याची, त्यांनी पाळली होती.

या वेळी तहरीर चौकात कुणी जमलं नाही. जिथं लोक तंबू ठोकून झोपले होते, तिथं आता रामसेस राजाचा दगडी स्तंभ उभा आहे, भोवती लक्सरहून आणलेले मेंढ्याच्या तोंडाचे चार स्फिंक्स, आणि त्यांच्याजवळ पहारेकरी.