आधी थंडी, मग गॅस

(घरच्या नळावरच्या बिअरची गॅसजोडणी या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुरुवातीलाच कायद्याचं सांगून मोकळा होतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय घरी बिअर बनवता येत नाही. परवाना असेल त्यांनी इथलं सगळं बिअरला लावावं. बाकीच्यांनी हीच जोडणी जिरासोड्याला, लिंबूसोड्याला वापरावी. सिलिंडरला काही फरक पडत नाही, फक्त सोड्याला दाब जास्त लागतो.

आता मूळ मुद्दा. परदेशी पुस्तकांतले दाबाचे तक्ते घेऊन लोक रेग्युलेटर लावतात आणि ग्लासात नुसता फेस येतो म्हणून गॅसवाल्याला बोल लावतात. गॅसचा यात काही दोष नसतो, सगळी गोम तापमानात असते. कार्बन डायऑक्साइड थंड द्रवात विरघळतो आणि गरम द्रवातून पळतो. बिअरच्या एका लिटरमध्ये साधारण अडीच लिटर गॅस मुरलेला हवा. बिअर ४ अंशांवर असेल तर त्याला ०.८ बार दाब पुरतो, म्हणजे १२ पीएसआय. तीच १० अंशांवर असेल तर १.२ बार लागतो, आणि ३० अंशांवर २.६ बारच्या पुढे. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातल्या भिंतीसुद्धा तापलेल्या असतात. तेव्हा आधी फ्रिज ४ अंशांवर टिकतो का ते बघा, मगच रेग्युलेटरला हात लावा. फ्रिजच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा, तोच खरा आकडा.

सिलिंडर घेताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, गॅस फूड ग्रेडचा हवा. वेल्डिंगचा स्वस्त मिळतो, पण तो पोटात जाण्यासाठी भरलेला नसतो. दुसरी, सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख. दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी व्हायला हवी, ती झालेली नसेल तर तो सिलिंडर भरूनच घ्यायचा नाही. तिसरी, आग विझवायचं जुनं लाल नळकांडं स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. त्याच्या आत तळापर्यंत नळी असते, त्यामुळे वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि रेग्युलेटर गोठून निकामी होतो.

हा द्रव म्हणजे काय, ते इथे थांबून समजून घ्यायला हवं. २० अंशांवर भरलेल्या सिलिंडरमध्ये द्रव आणि त्यावर वायू असतो. दाब साधारण ५७ बार. द्रवाचा शेवटचा थेंब संपेपर्यंत गेजचा काटा तिथेच उभा राहतो, म्हणून काट्यावरून शिल्लक गॅस कळत नाही. पण ३१ अंशांच्या वर हा द्रव द्रव राहतच नाही, सगळा एकजीव दाट वायू होतो. म्हणजे मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला गेला की, आपल्या सिलिंडरमध्ये ‘पातळी’ नावाची गोष्टच नसते आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरचा दाब १०० बारच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये, गच्चीवर, गाडीच्या डिकीत सिलिंडर ठेवायचा नाही तो यासाठी. व्हॉल्व्हवरची सुरक्षाचकती फुटली तर सगळा गॅस एकदम बाहेर येतो. शिल्लक मोजायची तर वजनकाट्यावर वजन करा आणि सिलिंडरवर कोरलेलं रिकामं वजन त्यातून वजा करा. १९ लिटरच्या एका केगला, म्हणजे बिअर भरायच्या स्टीलच्या पिंपाला, गॅस मुरवायला नव्वदेक ग्रॅम आणि तो रिता होईपर्यंत ढकलायला साठ-सत्तर ग्रॅम लागतात. हवा काढण्यातली नासाडी धरून २०० ग्रॅम समजा. ५ किलोत पंचवीसेक केग सहज निघतात.

रेग्युलेटर दोन गेजचा घ्या. एक सिलिंडरचा दाब दाखवणारा, दुसरा ० ते ४ बारचा. एमआयडीसीत वेल्डिंगवाल्यांकडे जो मिळतो तो मिनिटाला किती लिटर वाहतो ते दाखवतो, आपल्याला दाब हवा. आणि घरच्या एलपीजीचा रेग्युलेटर इथे कधीही, कोणत्याही जुगाडाने लावायचा नाही. तो या दाबासाठी बनलेलाच नाही.

जोडताना सिलिंडर उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला हवा. पडून व्हॉल्व्ह तुटला तर तो सिलिंडर सुसाट सुटतो. व्हॉल्व्हच्या तोंडातली धूळ फडक्याने पुसा, नवा वायसर घाला आणि नट पान्याने आवळा. दर वेळी नवा वायसर. दोन रुपयांची कंजुषी पाच किलो गॅस घालवते. मग रेग्युलेटरची चावी उलटी फिरवून पूर्ण सैल करा, स्वतः बाजूला उभे राहा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. त्यानंतर चावी आत फिरवत दाब ०.८ बारवर आणा. चुकून जास्त झाला तर नुसती चावी सैल करून काटा खाली येत नाही, कारण नळीत अडकलेला दाब बाहेर काढावा लागतो. केगच्या झाकणावरची कडी ओढून तो सोडा आणि मग पुन्हा लावा.

रेग्युलेटर आणि केग यांच्यामध्ये एकाच दिशेने गॅस सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. लाईट बराच वेळ गेली की केग २० अंशांपर्यंत तापू शकतो आणि आतला दाब २ बारच्या आसपास चढतो. रेग्युलेटर ०.८ वर असतो, मग बिअर उलटी नळीत चढून रेग्युलेटरमध्ये शिरू शकते आणि आत चिकट होऊन बसते. केगला मात्र धोका नाही, तो साधारण ९ बारचा असतो. अशा वेळी घाबरून कडी ओढून गॅस सोडू नका. लाईट आली की पुन्हा थंड होऊ द्या, गॅस आपोआप परत मुरतो.

नव्या केगमधली हवा काढायला १ बार दाब भरायचा आणि कडी ओढून सोडायचा, असं चार-पाच वेळा. हवेतला ऑक्सिजन राहिला तर बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. झाकण पहिल्यांदा बसवताना २ बार द्या म्हणजे रबरी कडं घट्ट बसतं. गॅसची जोडणी ‘इन’च्या खुंटीवर, नळाची ‘आउट’वर. ‘इन’च्या खुंटीच्या बुडाशी खाचा असतात, तीच खूण. उलट बसवलं तर जोर लावूनही निघत नाही, मग लोक पक्कड आणतात.

गळती साबणाच्या फेसाने शोधा. रात्रभर सिलिंडर बंद करून काटा पाहणारेही आहेत, पण ताज्या बिअरमध्ये गॅस मुरत असतो, त्यामुळे गळती नसतानाही काटा पडतो. ती परीक्षा रिकाम्या केगवर घ्या. गॅस मुरायला ०.८ बारवर आठ-दहा दिवस लागतात. घाई असेल तर एक दिवस २ बार, मग खाली. मला ही घाई पसंत नाही. वेळ चुकली की बिअर टोचते.

नळी हा बहुतेकांचा दुखरा कोपरा. दाब गॅसचा, पण वेग नळी ठरवते. आतून ५ मिलिमीटरची नळी ३ मीटर घेतली तर ०.८ बारला धार नीट येते. आरओच्या पाण्याची पांढरी नळी गावोगाव मिळते, फूड ग्रेड असते आणि आतून अजून अरुंद असते, त्यामुळे तिची लांबी थोडी कमी असली तरी चालते. आधी लांब घ्या, मग हातभर हातभर कापा. सोड्याला ४ अंशांवर दीड ते दोन बार लागतो, त्याची नळी दुप्पट धरा. फेस आला की दाब कमी करणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्याने बिअरमधला गॅस नळीतच सुटतो आणि दुसऱ्या दिवशी फेस वाढतो. उन्हाळ्यात पहिला ग्लास फेसाळणारच, कारण दाराबाहेरचा नळ तापलेला असतो. नळी सगळी फ्रिजच्या आतच गुंडाळून ठेवा, नळ पूर्ण उघडा आणि पहिला घोटभर फेस ओतून द्या.

शेवटचं, आणि हे ऐकूनच उठा. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो, खाली साचतो, त्याला वास नाही. ५ किलो गॅस म्हणजे साधारण २.७ घनमीटर. तीन मीटर लांब-रुंद-उंच बंद खोलीत तो सगळा सुटला तर हवेत दहा टक्के होतो आणि चार टक्क्यांपासूनच जीवाला धोका असतो. एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेल्या खोलीत सिलिंडर ठेवू नका. बाहेरची हवा ओढणारा वाळ्याचा कूलर असलेली खोली त्यापेक्षा बरी. फुस्स असा आवाज आला, डोकं जड झालं, धाप लागली, तर वाकून व्हॉल्व्ह शोधत बसू नका. दार उघडं टाकून बाहेर पडा, मुलांना बाहेर काढा आणि खोलीत मोकळी हवा खेळल्यावरच परत आत जा.