पिशव्या चार, पण ताटात काय?

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि मायबहिणींनो, पत्रिकेत माझा विषय ‘पोटाच्या डायलिसिसचा डोस’ असा छापलाय. मघाशी चहा घेताना एकानं विचारलं, डोस म्हणजे किती थेंब? थेंब कुठले हो, लिटर! किडनी थकली की रक्तातली घाण धुवायला साखर घातलेल्या पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या साधारण चार पिशव्या रोज पोटात सोडायच्या, चार-सहा तास ठेवायच्या, घाण उतरली की काढून टाकायच्या. इथं बऱ्याच घरांत हे चालू आहे, तेव्हा जास्त सांगत नाही. रक्ताच्या डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा यवतमाळला मशीनवर जायचं तर एसटीचे हाल तुम्हाला ठाऊक. म्हणून आपल्याकडं ही पद्धत सोयीची. पिशवी अंगाइतकी कोमट करून घ्या असं सांगतात. मे महिन्यात आपल्याला ती निववावी लागते, तो भाग वेगळा.

पण डोसकडं येण्याआधी दारव्ह्याकडच्या एका बावाजींची गोष्ट. वय बासष्ट, वजन ५८ किलो, कोरडवाहू शेती. पिशवी एक दिवस चुकवली नाही. आठवड्याचा डोस, म्हणजे रक्त किती धुतलं गेलं त्याचा आकडा, मोजला तर १.९, म्हणजे उत्तमच. मी रिपोर्ट बघून खूश. वजनही तेवढंच. वजन तेवढंच राहतं बरं का, कारण मांस जातं तिथं पाणी भरतं. काटा फसवतो. मनगटातलं तांब्याचं कडं मात्र कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं, आणि ते माझ्या नजरेत आलं नाही.

एकदा त्या बाजूला लग्नाला गेलो होतो, म्हटलं डोकावून यावं. आतल्या खोलीत पिशव्यांचे खोके नीट रचलेले, आणि ते टेकवले होते घरच्या तुरीच्या पोत्यांना. बावाजींचं ताट आलं. भाकर, दोडक्याची भाजी, चिमूटभर भात. वरण नाही. विचारलं, काहून? त्यांनी बोट दाखवलं. कॅलेंडरशेजारी खिळ्याला पिवळी पडलेली चिठ्ठी: डाळ बंद, अंडी-मटण बंद, दूध अर्धा कप. म्हटलं, हे कोणी लिहून दिलं? बावाजी म्हणाले, “तुमीच तं देल्लं जी.”

अक्षर माझंच होतं. डायलिसिस लागायच्या आधीचं, किडनी थोडी तगावी म्हणून लिहिलेलं. डायलिसिस सुरू झालं तेव्हा ते फाडायचं मी विसरलो. आजीबाई म्हणाल्या, “मी तं रोज म्हनतो, घोटभर वरन घ्या. हे म्हनते, डॉक्टरनं बंद केलं.” तुरीच्या पोत्यांना टेकून बसलेला माणूस चौदा महिने तुरीविना!

डायलिसिस लागलं की हिशेब उलटतो. काढलेल्या पाण्यातून रोज पाच-दहा ग्रॅम प्रोटीन मोरीत जातं, पोटात जंतुसंसर्ग झाला तर आणखी. एका अंड्यात असतं सहा ग्रॅम. म्हणजे रोज एखादं-दीड अंडं मोरीत. अशा माणसाला किलोमागं एक ते सव्वा ग्रॅम प्रोटीन लागतं. बावाजींना साठ-सत्तर ग्रॅम. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅम मिळतं. ज्वारीनं थोडं भरतं. बाकीचं अंडं, मासोळी, दही. मागून कोणीतरी ‘सावजी?’ म्हणालं, ऐकू आलं मला. मटण खा, रस्सा सोडा. रश्श्यातल्या मिठानं तहान लागते, अंगात पाणी चढतं, मग ते ओढून काढायला जास्त साखरेची पिशवी लावावी लागते.

साखरेचंही ऐका. दीड टक्का साखरेच्या चार पिशव्यांत १२० ग्रॅम साखर असते आणि तिच्यातली निम्म्याहून जास्त अंगात मुरते. त्यात पोटात दोन लिटर पाणी. भूक लागणार कुठून? म्हणून आधी पाणी काढा, जेवा, मग नवी पिशवी सोडा. एवढ्या एका बदलानं बावाजी भाकर दीडची दोन खायला लागले.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरली. भजनी मंडळ दारात आहे. बरं, डोस. रक्तातला युरिया आठवड्यात किती धुतला गेला, त्याचा हा आकडा. १९९६ साली कॅनडा-अमेरिकेच्या अभ्यासातून निघालं की आकडा जितका मोठा तितका माणूस जास्त जगतो. मग २.० गाठा म्हणून सगळे मागे लागले. २००१ मध्ये तीच माहिती पुन्हा तपासली, तेव्हा दिसलं की फायदा पिशव्यांचा नव्हताच, स्वतःच्या लघवीचा, म्हणजे किडनीत उरलेल्या ताकदीचा होता. दिवसाला २५० मिलिलिटर लघवी जास्त, तर मृत्यूचा धोका ३६ टक्के कमी. पुढच्याच वर्षी मेक्सिकोत ९६५ रुग्णांवर पिशव्यांचा डोस वाढवून पाहिला, आयुष्यात फरक पडला नाही. २००६ मध्ये लक्ष्य १.७ वर आलं.

डोस वाढवला की जेवण वाढतं, असंही आलेख काढून दाखवत. पण डोसचा आणि जेवणातल्या प्रोटीनचा, दोन्ही आकडे त्याच युरियावरून काढलेले, मग ते जोडीनं वर जाणारच. याचा अर्थ पिशवी चुकवा असा नाही. मळमळ, उलट्या, अन्नावरची वासना उडणं, असं काही दिसलं तर डोस वाढवावाच लागतो, आकडा काहीही म्हणो. आणि होणारी लघवी जपा. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तिचा घात करते.

उठतो आता. रिपोर्ट आणलेत त्यांनी बाहेर चपलांपाशी थांबा. खिशात गोळ्या असतील त्यांनीही.