कॅप्टन मॉलीचा फलक

श्रोतेहो, नमस्कार. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन बेटाच्या उत्तर टोकाकडे, हडसन नदीच्या काठच्या उंच टेकडीवर फोर्ट ट्रायन पार्क नावाचे उद्यान आहे आणि त्या उद्यानात १९०९ साली बसवलेला एक स्मृतिफलक आहे. स्वातंत्र्याच्या युद्धात सैनिकाचे काम करणारी पहिली अमेरिकी स्त्री, असा मार्गारेट कॉर्बिन हिचा गौरव त्या फलकावर कोरलेला आहे. आज मी या स्त्रीविषयी बोलणार आहे आणि तिच्या थडग्याविषयीही, कारण त्या थडग्याची हकीकत ऐकल्यापासून ती माझ्या मनातून गेलेली नाही.

१६ नोव्हेंबर १७७६ या दिवशी ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या जर्मन हेसियन फौजांनी या टेकडीवर हल्ला केला. मार्गारेटचा पती जॉन पेनसिल्व्हेनियाच्या तोफखान्यात होता आणि ती त्याच्याबरोबर छावणीत राहत होती. जॉन तोफेपाशीच मारला गेला, तेव्हा मार्गारेटने ती तोफ चालवली आणि खांदा, छाती व जबडा छर्‍यांनी फुटेपर्यंत ती तेथून हलली नाही. त्या दिवशी तेथील फोर्ट वॉशिंग्टन हा अमेरिकी किल्ला पडला, अठ्ठावीसशेहून अधिक अमेरिकी सैनिक कैद झाले आणि मार्गारेटचा एक हात जन्मभरासाठी निकामी झाला. तेव्हा तिचे वय अवघे पंचवीस होते.

जुलै १७७९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला सैनिकाच्या मासिक वेतनाच्या निम्मे वेतन तहहयात आणि कपड्यांचा एक पूर्ण जोड मंजूर केला. निम्मे वेतन, हे मी पुन्हा सांगतो, कारण तोफेपुढे ती निम्मी उभी राहिली नव्हती. पुढे जायबंदी सैनिकांच्या पलटणीत तिचे नाव दाखल झाले आणि युद्धानंतर वेस्ट पॉइंट या लष्करी ठाण्याच्या परिसरात, ‘कॅप्टन मॉली’ या नावाने ओळखली जात, तिने उरलेले आयुष्य काढले. तिला सांभाळायला कोणी तयार होत नाही, अशी तक्रार तेथील रसद अधिकाऱ्याने १७८६ मध्ये युद्धमंत्री हेन्री नॉक्स यांना कळवली होती. एका हाताने अंगावर कपडे चढवणेही जिला जड जात असेल, तिच्या तिखट स्वभावाचा बोभाटा करण्यापूर्वी त्या हाताची आठवण ठेवायला हवी, असे मला वाटते. शिवाय त्या छावण्यांत धुणी धुणाऱ्या, भाकरतुकडा रांधणाऱ्या आणि जखमींची शुश्रूषा करणाऱ्या शेकडो स्त्रिया होत्या आणि त्यांच्यासाठीही फलक असावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता थडग्याची हकीकत ऐका. मार्गारेट १८०० साली हायलंड फॉल्स या गावाजवळ वारली आणि तिला तेथेच साध्या मातीत पुरले गेले. सव्वाशे वर्षांनी, १९२६ मध्ये, ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ या स्त्रियांच्या संस्थेने जुनी कागदपत्रे आणि गावात चालत आलेल्या आठवणी यांच्या आधारे तिची कबर शोधून काढली. अस्थी बाहेर काढल्या, वेस्ट पॉइंटच्या शल्यचिकित्सकाने त्या तपासल्या आणि जखमांच्या खुणा जुळतात, असा निर्वाळा दिला. मग लष्करी इतमामात त्या अस्थी वेस्ट पॉइंटच्या दफनभूमीत पुरल्या गेल्या आणि त्यांवर तोफेजवळ उभ्या असलेल्या मार्गारेटचे शिल्प असलेले स्मारक उभे राहिले. नव्वद वर्षे लोक तेथे फुले वाहत राहिले.

२०१६ मध्ये दफनभूमीत भिंतीचे काम चालू असताना खोदकामात ते थडगे उघडे पडले. अस्थी पुन्हा हाती आल्याच आहेत, तर आजच्या शास्त्राने त्यांची तपासणी करावी, असे ठरले. तपासणी झाली आणि २०१७ च्या अखेरीस निष्कर्ष जाहीर झाला. त्या अस्थी मार्गारेटच्या नव्हत्या. श्रोतेहो, त्या स्त्रीच्याच नव्हत्या. त्या एका मध्यमवयीन पुरुषाच्या होत्या. मूळ जागी नव्याने शोध घेतला गेला, जमिनीखालचा वेध घेणारी यंत्रे फिरवली गेली, परंतु मार्गारेट सापडली नाही. मला १९२६ मधील त्या स्त्रियांना दोष द्यावासा वाटत नाही, कारण विस्मरणात गेलेल्या एका स्त्रीला मानाची जागा मिळावी म्हणून त्या मनापासून राबल्या होत्या. मात्र अंदाजाला खात्रीचे रूप देऊन दगडावर कोरू नये, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

१ मे २०१८ रोजी वेस्ट पॉइंटच्या स्मारकाचे पुन्हा समर्पण झाले. खाली ती नाही, हे आता सर्वांना ठाऊक होते आणि तरीही स्मारक हलवले गेले नाही, याचे मला समाधान आहे. कारण काँग्रेसचा १७७९ चा ठराव कागदावर शाबूत आहे आणि तोफेपाशी ती उभी राहिली होती, याला अस्थींची साक्ष लागत नाही.

न्यूयॉर्कच्या आसपास राहणाऱ्या मराठी श्रोत्यांना माझी विनंती आहे, की त्यांनी भुयारी रेल्वेच्या ‘ए’ गाडीने एकशे नव्वदाव्या रस्त्याच्या स्थानकावर उतरावे. बाहेर पडल्यावर जो चौक लागतो, त्याला मार्गारेट कॉर्बिनचेच नाव आहे आणि तेथून उद्यानात शिरले, की तो फलक फार दूर नाही.