मुरघास कुठला घालता? आधी गायीचं तोंड बघा

नमस्कार मंडळी. सकाळचे दहा वाजलेत, गायी खाऊन निवांत बसल्यात. या गायीकडे बघा. गळ्यातून गोळा वर सरकला, दिसला? आता मोजा माझ्याबरोबर. 50... 55... 58, गिळला. एका घासाला 50 ते 70 वेळा चावणं झालं, की रवंथ छान चाललंय समजायचं.

चावताना लाळ सुटते, दिवसाला 100 लिटरच्या वर! लाळेत सोडा असतो आणि पोटातलं आम्ल तोच मारतो. म्हणून म्हणतो, चावणं थांबलं की पोट बिघडलंच.

हा मक्याचा मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून मुरवलेला हिरवा चारा. दाणा नखानं फोडला, बघा, अर्धा चीक, अर्धं पीठ. मका याच वेळी कापायचा. या पिठातून ताकद मिळते, पण ते पोटात झपाट्यानं आंबतं. त्यामुळे चावणं व्हायला कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे तुकडे, दोनेक सेंटिमीटरची हवी. गेल्या वर्षी आमची कुट्टी यंत्रवाल्यानं पार भुगा करून दिली. गायी चाटूनपुसून खायच्या, दूधही टिकलं, पण दुधाची फॅट 3.8 टक्क्यांवरून 3.2 वर आली. शेण पातळ, फेसाळ. मी पेंड बदलली, मिनरल मिक्स्चर बदललं. पंधरा दिवस फुकट गेले! मग एका दुपारी गोठ्यात नुसता बसून राहिलो, तेव्हा कळलं, बारापैकी तीनच गायी रवंथ करत होत्या. मुरघासात दोन-दोन किलो ज्वारीचा कडबा मिसळायला लागलो, आणि फॅट हळूहळू वर आली.

ज्वारीच्या मुरघासाचं उलट असतं. ताट चिवट, चावणं भरपूर. पण दाणा बारीक नि टणक, फुटला नाही तर अख्खा शेणात पडतो. मूठभर शेण चाळणीत धुऊन बघा, दिसेल.

नेपियर गवतामध्ये पाणी फार, साखर कमी. कापून थोडं सुकवल्याशिवाय मुरायला भरू नका. आणि जून झालेला घातलात, तर गाय रवंथ करत बसते, पोट भरलेलंच राहतं, पुढचं खाणं घटतं आणि दूधही. लसूण घास या चाऱ्याची काडी ठिसूळ, लगेच तुटते. प्रथिनं उत्तम, पण चावण्यासाठी त्याच्यावर विसंबू नका.

उद्या खाणं झाल्यावर दोन तासांनी गोठ्यात जा. बसलेल्या गायींपैकी निम्म्या तरी रवंथ करताना दिसायला हव्यात. किती दिसल्या आणि मुरघास कशाचा होता, खाली लिहा. ही बघा, हिचा पुढचा घास आला वर.