सुई टोचली त्या क्षणाचा फोटो

श्रोतेहो, नमस्कार. आजोबांना नावं आठवत नाहीत, गॅस बंद करायचा राहतो. एवढ्यावर अल्झायमरचीच शंका येते. पण संध्याकाळी कोपऱ्यात लहान मुलं बसलेली दिसतात, झोपेत ते हातपाय झाडतात, एक दिवस लख्ख तर दुसऱ्या दिवशी गोंधळलेले, असं असेल तर लुई बॉडी डिमेन्शिया या स्मृतिभ्रंशाच्या वेगळ्या प्रकाराचा विचार करावा लागतो. नावाचा हा घोळ साधा नाही. लुई बॉडीच्या रुग्णाला भासांवर हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरचं औषध दिलं, तर तो लाकडासारखा ताठरू शकतो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं.

सुरुवातीला दोन्ही आजारांत एमआरआय वयाला साजेसाच दिसू शकतो. अशा वेळी मेंदूच्या रक्तप्रवाहाचा स्पेक्ट स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेलं मेंदूचं चित्र, उपयोगी पडतो. मेंदूचा जो भाग मंदावला, तो रक्तही कमी घेतो. अल्झायमरमध्ये ही घट कानामागच्या वरच्या भागात, म्हणजे टेम्पोरल आणि पराएटल पट्ट्यात, आणि मधल्या फटीतल्या पोस्टिरिअर सिंग्युलेटमध्ये दिसते. लुई बॉडीत पराएटल भागाबरोबर डोक्याचा पार मागचा भाग, दृष्टीचं केंद्र, फिकं पडतं आणि पोस्टिरिअर सिंग्युलेट मात्र बेटासारखं उजळ उरू शकतं. डिमेन्शियाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कपाळामागचा भाग आणि टेम्पोरलचं पुढचं टोक जातं.

तपासणीत शिरेतून १५ ते ३० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ देतात, एचएमपीएओ किंवा ईसीडी या औषधाला जोडून. ते एकदोन मिनिटांत मेंदूत शिरतं आणि तिथेच अडकून बसतं. कॅमेऱ्याखाली रुग्ण जातो त्यानंतर पाऊण ते दीड तासाने, पण फोटो निघतो तो सुई टोचली त्या क्षणाचा! म्हणून सगळी काळजी त्या आधीची. सकाळपासून चहा, कॉफी, तंबाखू बंद. कॅन्युला, म्हणजे शिरेतली बारीक नळी, दहापंधरा मिनिटं आधीच लावायची, म्हणजे औषध देताना टोचल्याची कळ नसते. खोली शांत, उजेड मंद, बडबड नाही.

आणि डोळे. डोळे मिटले की दृष्टिकेंद्राचा रक्तप्रवाह उतरतो. ज्या निरोगी माणसांच्या स्कॅनशी संगणक तुलना करतो, त्यांचे डोळे उघडे होते आणि आपल्या आजोबांना मात्र डुलकी लागली, तर अल्झायमरचा रुग्णही लुई बॉडीसारखा दिसू लागतो. औषध देताना डोळ्यांची स्थिती काय होती, याची नोंद रिपोर्टमध्ये हवीच.

दुसरी फसगत तुलनेची. स्पेक्टच्या नेहमीच्या वाचनात रक्ताचे मिलिलिटर मोजत नाहीत. बाकी मेंदू बऱ्याचदा लहान मेंदूच्या मापाने जोखतात. एका बाजूला जुना पक्षाघात असला, की विरुद्ध बाजूचा लहान मेंदू फिका पडतो आणि मापच चुकतं. शिवाय मेंदू आक्रसल्यामुळे पातळ झालेली कड रक्त कमी नसतानाही फिकी दिसते. म्हणून एमआरआय शेजारी ठेवल्याशिवाय हे चित्र वाचू नये.

स्कॅनला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि डोकं हललं तर चित्र बिघडतं. रुग्ण फारच अस्वस्थ असेल, तर गुंगीचं औषध टेक्नेशियम दिल्यानंतर काही मिनिटांनी द्यावं, आधी नाही. लुई बॉडीची शंका असेल, तर ते हॅलोपेरिडॉल नाही ना, हे नातेवाइकांनी तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.