सेरसेदा गावचा अंतोनियो: क्यूबातल्या पीतज्वर प्रयोगांचे कागद कसे वाचायचे

१९०० साली अमेरिकी लष्कराने हवानाजवळ पीतज्वरावर प्रयोग केले. त्यांच्याबद्दल बोलताना सुरुवात, ते करणाऱ्या आयोगाचे प्रमुख लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्यापासून करायची पद्धत आहे. आज आपण २६ नोव्हेंबर १९०० या तारखेच्या एका करारपत्रापासून सुरुवात करू. हे करारपत्र स्पॅनिश आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत आहे. सही करणारा अंतोनियो बेनिग्नो हा स्पेनहून मजुरीसाठी क्यूबात आलेला माणूस. वय पंचवीसच्या वर, गाव सेरसेदा, वडील मानुएल बेनिग्नो, आई होसेफा कास्त्रो. त्याने जे मान्य केलं ते असं: पीतज्वर झाला तर जीवाला काही अंशी धोका आहे हे मला समजतं, पण या बेटावर राहून तो टाळणं अशक्यच आहे, तेव्हा आयोगाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी तो मुद्दाम ओढवून घेतो. त्याबद्दल १०० डॉलर, अमेरिकन सोन्यात. ताप आलाच तर बरा झाल्यावर आणखी १००. मेला, तर तो ज्याचं नाव देईल त्याला रक्कम पोचवली जाईल. परवानगीशिवाय छावणी सोडली, तर सगळ्यावर पाणी.

हा कागद सावकाश वाचावा. संमती लेखी घेतली, तीही त्या माणसाच्या भाषेत, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पण 'इथे राहिलास तर ताप येणारच' हे वाक्य पोट हातावर असलेल्या माणसापुढे ठेवलं गेलं, हेही त्याच कागदावर आहे. इतिहास लिहिणाऱ्याने या दोन गोष्टींपैकी एक उचलून दुसरी खाली ठेवू नये.

आता प्रयोगांकडे. रीड, जेम्स कॅरल, जेसी लाझिअर आणि अरिस्तिदेस आग्रामोन्ते या चौघांचा आयोग जूनच्या अखेरीस क्यूबात पोचला. डासामुळे पीतज्वर पसरतो हे कार्लोस फिनले या हवानाच्या डॉक्टरांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. आयोगाने वापरलेल्या डासांची अंडीही फिनले यांनीच दिली. मग त्यांचे स्वतःचे प्रयोग लोकांना का पटले नाहीत? सगळं अडलं होतं दिवसांच्या हिशेबात. डासाने रोग्याला तापाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच चावायला हवं, कारण विषाणू रक्तात तेवढेच दिवस असतो. त्यानंतर तो डासाच्या अंगात वाढायला उन्हाळ्यात निदान बारा दिवस लागतात, थंडीत अठराच्या पुढे. फिनले थोड्याच दिवसांत तो डास दुसऱ्याला चाववत. अमेरिकी डॉक्टर हेन्री कार्टर यांनी १८९८ मध्ये मिसिसिपीतल्या खेड्यांत घराघरांतल्या तारखा टिपल्या. पहिला रोगी आणि त्याच घरातले पुढचे रोगी यांच्यात साधारण दोन-तीन आठवडे जातात, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि गाठ सुटायला लागली.

म्हणून या विषयाचा अभ्यास करणाऱ्याने पहिलं काम करावं ते तारखांचा तक्ता मांडण्याचं. प्रत्येक चाव्यापुढे चार रकाने हवेत: डास कोणत्या रोग्याला चावला, तो तापाचा कितवा दिवस होता, पुढे किती दिवसांनी तोच डास स्वयंसेवकाला चावला, आणि ताप कधी चढला. ऑगस्ट १९०० मधले लाझिअर यांचे सुरुवातीचे सगळे चावे फुकट का गेले, हे तक्ता भरला की आपोआप दिसतं. एकतर रोगी उशिराचा, नाहीतर डास कोवळा. २७ ऑगस्टला कॅरल यांना चावलेला डास बारा दिवसांपूर्वी एका रोग्याला तापाच्या दुसऱ्या दिवशी चावलेला होता. कॅरल ३१ तारखेला आजारी पडले आणि मरणाच्या दारातून परत आले.

तरीही त्यातून काही सिद्ध झालं नाही. मधल्या दिवसांत कॅरल इस्पितळात आणि शवविच्छेदनाच्या खोलीत वावरत होते, लागण तिथूनही होऊ शकली असती. ही फट बुजवण्यासाठीच केमादोस गावाजवळच्या सान होसे मळ्यावर २० नोव्हेंबरला छावणी उभी राहिली. तिला लाझिअर यांचं नाव दिलं, कारण ते २५ सप्टेंबरला पीतज्वराने गेले होते. छावणीत आलेला, ताप न येऊन गेलेला माणूस बाहेर गेला तर त्याला परत घेत नसत. प्रत्येकाचं तापमान आणि नाडी दिवसातून तीनदा लिहीत. डास चाववण्याआधी त्याला, लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत लागते तेवढी पूर्ण मुदत तिथेच काढावी लागे, म्हणजे बाहेरून लागण घेऊन आला असेल तर आधीच कळे.

तिथल्या दोन लाकडी खोल्या म्हणजे या प्रयोगाचं खरं हत्यार. दोन्ही १४ बाय २० फुटांच्या. पहिलीत हवा खेळू नये म्हणून फळ्या घट्ट बसवलेल्या, लहान खिडक्या, आत शेगडी. ६३ दिवसांचं सरासरी तापमान ७६.२ अंश फॅरनहाइट. त्या खोलीत पीतज्वराने आजारी पडलेल्यांच्या उलटी-मलमूत्राने बरबटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे आणि कांबळी आणून ठेवली. डॉक्टर रॉबर्ट कुक आणि फोक व जर्नेगन हे दोन शिपाई ३० नोव्हेंबरला आत गेले. पेट्या उघडायच्या, कपडे झटकायचे, त्यांवरच झोपायचं, अशा वीस रात्री. पुढे आणखी दोन तुकड्या गेल्या. एकूण सात जणांपैकी एकालाही ताप आला नाही. यांना आधीच प्रतिकारशक्ती असेल, ही शंकाही मोकळी ठेवली नाही. जानेवारीत जर्नेगनला रोग्याचं रक्त टोचलं आणि तो आजारी पडला.

दुसरी खोली स्वच्छ, हवेशीर, मधोमध जाळीची आडभिंत. २१ डिसेंबरला एका बाजूला पंधरा डास सोडले आणि जॉन मोरन हा स्वयंसेवक तिथे जाऊन पडला. नाताळच्या दिवशी त्याला ताप चढला. जाळीच्या पलीकडे तीच हवा घेत झोपलेले दोघे ठणठणीत राहिले. छपाईत या प्रयोगाला मिळालेली जागा थोडी आहे, पण सगळ्या वादाचा निकाल त्या जाळीने लावला, असं माझं स्पष्ट मत आहे. छावणीत एकही मृत्यू झाला नाही.

लाझिअर यांच्या मृत्यूपाशी मात्र कागद एकमेकांशी जुळत नाहीत. प्रसिद्ध अहवालात १३ सप्टेंबरला इस्पितळात एक मोकाट डास चावल्याचं लिहिलं आहे. ८ सप्टेंबरच्या पत्रात ते पत्नीला कळवतात की खऱ्या जंतूचा माग लागल्यासारखं वाटतंय, पण कुणाजवळ बोलू नकोस. प्रयोगवहीत 'गिनीपिग क्रमांक १' अशा कोड्यात टाकणाऱ्या नोंदी आहेत. त्यांनी स्वतःलाच डास चाववून घेतला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. हे मांडताना तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावेत. अनुमानाला वस्तुस्थितीचा मुलामा देऊ नये.

अहवालातली सांकेतिक नावंही उकलावी लागतात. 'एक्स वाय' म्हणजे घोडदळातला शिपाई विल्यम डीन. चित्रांवर तर मुळीच विसंबू नये. १९३९ च्या एका गाजलेल्या चित्रात लाझिअर कॅरल यांना डास चाववताहेत आणि पांढऱ्या गणवेशातले रीड शेजारी उभे राहून पाहताहेत. त्या दिवशी रीड क्यूबात नव्हतेच, ते अमेरिकेत परतले होते.

जागेचाही असाच घोळ झाला. पुढे कॉर्टिझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळवणारे डॉक्टर फिलिप हेंच १९३७ पासून हयात स्वयंसेवकांना पत्रं लिहीत होते, आणि छावणी नेमकी कुठे होती यावर त्या म्हाताऱ्यांचं एकमत होईना. चाळीस वर्षांनंतरची आठवण ही अशी असते. हेंच यांनी जुने फोटो, नकाशे आणि प्रत्यक्ष जमीन ताडून पाहिली, तेव्हा सान होसे मळ्यावर पहिल्या क्रमांकाची खोली उभीच सापडली. १९५२ मध्ये ३ डिसेंबरला, म्हणजे फिनले यांच्या वाढदिवशी, तिथे स्मारक झालं. हेंच यांचा सगळा संग्रह आज व्हर्जिनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात आहे. त्याचा मोठा भाग घरबसल्या वाचता येतो.

स्मरणाचा सरकारी कागद निघाला १९२९ मध्ये. अमेरिकी काँग्रेसने कायदा करून सन्मानाची नामावली केली, सुवर्णपदकं दिली आणि हयात असलेल्यांना महिना १२५ डॉलर लावून दिले. मोरन त्यावेळी शिपाई नव्हता, तरी त्याचं नाव त्यात आलं. सोन्याचे डॉलर घेऊन तोच ताप अंगावर काढलेल्या स्पॅनिश मजुरांची नावं आली नाहीत. ही उणीव अजून भरून निघालेली नाही, आणि ती मला बोचते.

हाच प्रश्न आपल्या मुंबईतही विचारता येतो. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. हाफकिन यांचं नाव परळच्या संस्थेला आहे. कैद्यांची नावं लावायची तर तुरुंगाच्या नोंदवह्यांपासून सुरुवात करावी लागेल.

छावणी बंद झाल्यावर काय झालं, तेही स्मारकाच्या फलकावर यायला हवं. ऑगस्ट १९०१ मध्ये हवानाच्या लास अॅनिमास इस्पितळात, डास चाववून सौम्य ताप आणता येईल या आशेने, प्रयोग पुढे चालू ठेवले गेले. त्यात तिघं दगावली. त्यांतली एक क्लारा मास ही परिचारिका, २४ ऑगस्टला. त्यानंतर माणसांवरचे ते प्रयोग थांबवावे लागले.

आता पुन्हा अंतोनियोकडे. करारपत्राच्या इंग्रजी नकलांमध्ये त्याचा प्रांत 'कोरिमा' असा छापलेला आढळतो. स्पेनमध्ये असा प्रांत नाही. हस्ताक्षरातलं 'कोरुन्या' वाचताना चुकलं आहे, आणि सेरसेदा हे गाव त्याच प्रांतात, गॅलिसियात आहे. स्पॅनिश रीतीने वडिलांचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं लागतात, म्हणून शोध 'बेनिग्नो कास्त्रो' या नावाने घ्यावा, आणि 'बेनिनो' हेही लेखन पाहावं. नोव्हेंबर १९०० ला तो पंचवीसच्या पुढे होता, म्हणजे जन्म १८७५ किंवा त्याआधीचा. स्पेनमधली सरकारी जन्मनोंद १ जानेवारी १८७१ ला सुरू झाली. त्यानंतर जन्मला असेल तर तो त्या सरकारी नोंदवहीत मिळेल, त्याआधी असेल तर गावच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत. मानुएल आणि होसेफा ही आईबापांची नावं जुळली, की माणूस पक्का झाला.